निकालाचा फलक आणि गाळलेला आंकडा

माध्यमिक शालान्त परीक्षेचा निकाल लागला, कीं चार दिवसांच्या आंत आमच्या भाईंदरच्या नाक्यानाक्यावर शाळांचे फलक झळकूं लागतात. शेंकडा शंभर, शेंकडा अठ्ठ्याण्णव, पहिल्या तिघांचीं छायाचित्रें! फलक पाहून पालक शाळा निवडतात, आणि शिक्षकही त्याकडे पाहून आपली पाठ थोपटून घेतात. आम्हींही ती थोपटून घेतली आहे. तथापि या आंकड्यावरून शाळेची, विशेषतः खेड्यांतील शाळेची, योग्यता ठरवावी काय, याविषयीं आम्हांस दिवसेंदिवस अधिक शंका वाटूं लागली आहे.

२०१८ सालीं राज्याचा निकाल शेंकडा ८९.४१ होता. २०१९ सालीं तो एकदम ७७.१० वर उतरला. महाराष्ट्रांतील मुलें एका वर्षांत मंदबुद्धि झालीं, असें कोणी म्हणणार नाहीं. त्या वर्षीं अभ्यासक्रम नवा होता, हें खरें. परंतु त्याबरोबरच भाषा व सामाजिक शास्त्रें या विषयांत शाळेनें द्यावयाचे २० गुण मंडळानें काढून टाकिले होते. ओरड झाली, गुण परत आले, आणि २०२० सालीं निकाल ९५.३० वर चढला. २०२१ सालीं तर कोरोनाच्या सांथीमुळें परीक्षाच झाली नाहीं, आणि निकाल लागला ९९.९५! परीक्षेवांचून जो निकाल सर्वांहून उंच लागतो, त्याची थोरवी किती मानावी, हें वाचकांनींच ठरवावें.

याहून विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. २०१९ सालीं पहिल्या आलेल्या कोंकण विभागाचा निकाल ८८.३८ व शेवटल्या नागपूर विभागाचा ६७.२७ होता, म्हणजे मध्यें एकवीस टक्क्यांची दरी. पुढच्याच वर्षीं कोंकण ९८.७७ आणि तळाचा तेव्हांचा औरंगाबाद विभाग ९२ वर. दरी सातांच्या आंत आली. एका वर्षांत मागासलेल्या गांवांतून इतके शिक्षक गेले, इतकीं पुस्तकें पोंचलीं, असें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. दरी बुजली नाहीं, तिजवर चादर अंथरली गेली. आम्ही तोंडी परीक्षेच्या विरुद्ध नाहीं. जें मूल लिहितांना अडखळतें पण उत्तम बोलतें, त्याला तिचा आधारच आहे. मात्र सरसकट सर्वांस २० पैकीं १९ गुण वांटणें ही परीक्षा नव्हे, आणि हें वांटणारे आम्ही शिक्षकच आहों.

आमचा मुंबई विभाग २०२५ सालीं ९५.८४ वर होता. या एका आंकड्यांत दादरचा विद्यार्थी आहे, मोखाड्याच्या आश्रमशाळेंतला आहे, आणि उत्तनच्या किनाऱ्यावर सकाळीं बोंबील वाळत घालून मग शाळेंत येणारी मुलगीही आहे. १९८५ सालीं येथें नगरपरिषद झाली, २००२ सालीं महानगरपालिका झाली. पण त्यामुळें राई, मुर्धे, उत्तन येथील घरांत अभ्यासाला निराळी खोली आली नाहीं. सरासरीला हें दिसत नाहीं. २०२३ सालीं ‘असर’ या पाहणीनें देशाच्या २८ जिल्ह्यांतील खेड्यांत चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांस तपासलें, तेव्हां सुमारें चतुर्थांश मुलांस आपल्याच भाषेंतील दुसरीचा उतारा अस्खलित वाचतां आला नाहीं, आणि तीन अंकी संख्येला एका अंकानें भागणें निम्म्यांहून अधिक मुलांस जमलें नाहीं. भागाकार न येणारी मुलें दहावीच्या निकालांत कोठें जातात?

कांहीं उत्तीर्ण होतात. कांहीं निकालापूर्वींच नाहींशीं होतात. हें आम्ही अनुभवानें सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही दुसऱ्या एका शाळेंत असतां, नववीच्या अखेरीस एका कोळी गृहस्थांस बोलावून सांगितलें, कीं मुलाचा दाखला घेऊन जा, व त्याला सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसवा. तें त्याच्याच हिताचें आहे. ते कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मास्तर, हा गेला तर तुमची शाळा पास व्हईल. पोराचं काय?” आम्हीं कांहींतरी उत्तर दिलें, काय दिलें तें आतां आठवत नाहीं. त्या वर्षीं शाळेचा निकाल शेंकडा शंभर लागला, पेढे वांटले गेले, आम्हींही खाल्ले. मुलगा परीक्षेला बसलाच नाहीं, हें पुढें कळलें.

सतरा नंबरचा अर्ज वाईट नाहीं. शाळा सुटलेल्या कामकरी मुलांस व संसारांत पडलेल्या स्त्रियांस तो दार उघडून देतो. परंतु तें दार आंत येण्याकरितां आहे; शाळांनीं त्याचा उपयोग बाहेर घालविण्याकरितां करावा, हें लांच्छन होय.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली, ती ज्यांना कोणी घेत नव्हतें त्या खेड्यांतील मुलांस घेण्यासाठीं. त्यांना शेंकडेवारीचा मोह असता, तर मुलें निवडून घेणें त्यांना कठीण नव्हतें.

पालकहो, प्रवेशाच्या वेळीं ‘निकाल किती?’ असें विचारून थांबूं नका. तीन वर्षांपूर्वीं आठवींत किती मुलें होतीं, त्यांपैकीं दहावीच्या परीक्षेस किती बसलीं, आणि उरलेलीं कोठें गेलीं, असें विचारा. आमच्याही शाळेस विचारा. हजेरीपटांत हे आंकडे आहेत. काढावयास एक दुपार पुरेल. पुढील वार्षिक अंकांत शेंकडेवारीच्या शेजारीं ते छापावे, अशी संपादक मंडळास आम्हीं लेखी विनंती केली आहे.