कोरफडीचे लाड

आमच्या नारपोलीत कितीतरी दारांवर कोरफडीचं रोप उलटं टांगलेलं दिसेल. दृष्ट लागू नये म्हणून! ना माती, ना पाणी, तरी महिनोन्‌महिने ते हिरवं राहतं. आणि त्याच घरात हौसेनं कुंडीत लावलेलं पिल्लू मात्र दोन महिन्यांत पिवळं पडून मऊ होतं. मग घरातले म्हणतात, "आमच्या हाताला झाडं लागत नाहीत हो." माझं मत विचाराल तर दोष हाताचा नाही, तांब्याचा आहे.

कोरफड पाणी साठवते ते पानांत. मुळांना ओल लागते तशी हवाही लागते. माती सतत चिंब राहिली की मुळं कुजतात. मग पानं मलूल दिसतात, आणि ती मलूल दिसली म्हणून आपण आणखी पाणी घालतो! लहान रोपाला मुळं ती केवढी, ती लवकर जातात.

मोठ्या झाडाशेजारचं पिल्लू चार-पाच इंच झालं, त्याला स्वतःची मुळं फुटली, की वेगळं करावं. तुटलेला भाग दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावा. कुंडी लहानच घ्यावी, मातीची मिळाली तर उत्तम, बुडाला भोक मात्र हवंच. निम्मी माती, निम्मी जाड रेती. लावल्यावर आठवडाभर पाणी नको. पुढे दोन पेरं बोट मातीत खुपसून पाहावं. कोरडं लागलं तरच पोटभर पाणी द्यावं आणि खालच्या ताटलीत साचलेलं ओतून टाकावं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवाच इतकी दमट, की महिन्यातून एकदा दिलेलं पाणीही पुष्कळ होतं. खताचंही फार कौतुक नको. पावसाळा सरल्यावर मूठभर गांडूळखत वर्षाला पुरे.

आता उजेडाचं. पानं फिकट, लांबट होऊन लोळू लागली की समजावं, उजेड कमी पडतोय. कुंडी खिडकीत हलवावी, पण एकदम कडक उन्हात नको, पानं तांबूस पडतात. आठ-दहा दिवसांत हळूहळू सवय करावी. आमच्याकडे गल्लोगल्ली यंत्रमाग. कापसाचे बारीक तंतू उडून पानांवर बसतात, ते ओल्या फडक्यानं पुसावेत. पानांच्या बेचक्यात चिकट पांढरा कापूस दिसला तर मात्र तो मागावरचा नव्हे, पिठ्या ढेकूण असतो. स्पिरिटच्या बोळ्यानं तो टिपून घ्यावा.

हे सगळं लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. हल्ली मोबाईलवर निरोप फिरतात: कोरफड रात्री प्राणवायू सोडते, हवा शुद्ध करते, उशाशी ठेवा. कोरफड रात्री कार्बन डायॉक्साइड आत घेते हे खरं, पण प्राणवायू तयार होतो तो उजेडातच. आणि हवाशुद्धीसाठी नासाच्या १९८९ च्या ज्या प्रयोगाचा दाखला देतात, तो बंद पेटीत केलेला होता. २०१९ साली दोन संशोधकांनी अशा प्रयोगांचा हिशेब पुन्हा मांडला. दारं-खिडक्यांतून खेळणारी हवा घरातली दूषित द्रव्यं जेवढी बाहेर नेते, तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असं निघालं. म्हणजे झोपायला जागाच उरायची नाही!

ही गंमत म्हणून सोडून दिली असती. पण इथे धुळीनं खोकणारी माणसं घरोघरी आहेत. त्यांच्या खोलीची खिडकी लावून घ्यायची आणि उशाशी कुंडी ठेवून निश्चिंत व्हायचं, हे मला अजिबात पटत नाही. खोकला हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवावं, आणि मागाकडची सोडून दुसरी जी खिडकी असेल ती उघडावी. कोरफडीलाही तीच हवी असते.

कोरफड जरूर लावा. दिसते छान, मागते थोडं, आणि नातवंडांना वाढताना पाहायला मिळते. फक्त तिच्यावर औषधपाण्याचा भार टाकू नका. आमच्याकडे सध्या पाच-सहा पिल्लं तयार आहेत. नातलगांपैकी कुणी दिवाळीत येणार असेल तर घेऊन जा. अट एकच, पहिला आठवडा तांब्या लांब ठेवायचा.