गुलाबी लुगडं

२०१६ साली आमच्या मुरबाड तालुक्यातून दोन बातम्या गाजल्या. १ डिसेंबरला धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. नोटाबंदीचे दिवस, दुकानादुकानांत स्वाइप मशीन, टीव्हीवाले... नातेवाईकांत अजूनही धसई म्हटलं की तोच विषय निघतो. मला मात्र त्याच तालुक्यातल्या फांगण्याची, नऊ महिने आधीची बातमी मोठी वाटते.

८ मार्च २०१६, महिला दिन. फांगण्यात आजीबाईंची शाळा सुरू झाली. शिवजयंतीला गावातल्या बायकांचं वाचन ऐकून आज्या म्हणाल्या होत्या, आम्हालाही वाचता आलं असतं तर! एरवी असं बोलणं आपण हसून सोडून देतो. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते मनावर घेतलं. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने पाट्या-दप्तरं दिली आणि साठी ते नव्वदीतल्या तीसेक आज्या दुपारची कामं उरकून वर्गात बसू लागल्या.

एका आजीने पत्रकारांना सांगितलं होतं, की आधी लाज वाटत होती, पण आपल्या वयाच्या इतरजणी येताहेत हे कळलं तेव्हा तीही गेली. मला हे फार पटलं. लाजऱ्या माणसाला आपण म्हणतो, "अगं बोल ना, लाजतेस काय एवढी?" त्याने कुणी बोलायला लागल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. उलट पदर आणखी पुढे येतो. फांगण्यात कुणी धीट व्हा म्हटलं नाही, गणवेश दिला. गुलाबी लुगडं! नवरा गेलेल्या बाईने एकटीने गुलाबी नेसायचं म्हटलं असतं तर गावभर चर्चा. गणवेशच गुलाबी म्हटल्यावर बोलणार काय? शाळेचा नियम आहे बुवा!

शिकवायला गावातलीच एक सून, आणि समोर वर्गात तिची सासू. सासूला "चुकलं, पुन्हा गिरवा" म्हणायचं म्हणजे... जाऊ दे, सुनांना वेगळं सांगायला नको.

या वयात शिकून काय मिळणार, असं विचारणारे असतातच. त्यांनी बँकेत एकदा बघावं. अंगठा उठवून झाल्यावर शाईचं बोट बाई कसं गुपचूप पदराला पुसते ते. फांगण्याच्या आज्या पुढे सही करू लागल्या. आणि कॅशलेसचं कौतुक करणाऱ्यांनो, मशीनवर पिन टाकायलाही आकडे ओळखू यावे लागतात.

आपल्या घरातही अशी एकजण आहे. नाव लिहीत नाही, तिला आवडायचं नाही. दादा-वहिनी, हे वाचाल तेव्हा एवढं करा. पाटी मी आणते, पण तिला एकटीला बसवू नका. शेजारच्या दोघी-तिघींनाही आधी विचारून ठेवा.