मापाचं जहाज

मैत्रिणींनो, घरात निवृत्त माणूस असला की दुपार किती लांब होते, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींना मी सांगायला नकोच. आमचे मामंजी भोसरीच्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा भाग ओतण्याआधी त्याची लाकडी प्रतिकृती करावी लागते, ती करणारा तो पॅटर्नमेकर. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि मामंजींचं बोलणंच थांबलं. सकाळी पेपर, दुपारी गॅलरी, संध्याकाळी पुन्हा गॅलरी. हत्यारांची पेटी पलंगाखाली धूळ खात पडलेली. हे सकाळी सहाच्या बसने चाकणला जातात, मी तासिका तत्त्वावर शाळेत. डॉक्टर म्हणाले, प्रकृती ठणठणीत आहे, हाताला काम द्या. हाताला काम म्हणजे काय, मटार सोलायचे? तेही देऊन पाहिले बाई!

गेल्या वर्षी चिरंजीवांनी शाळेच्या प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याचं जहाज केलं. मामंजींनी ते हातात घेतलं, उलटं केलं, एक डोळा मिटून तळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे बुडेल." पोरगं हिरमुसलं.

"मग तुम्ही करा ना, आजोबा!"

"ड्रॉइंग आण, करतो."

आता जहाजाचं ड्रॉइंग आणायचं कुठून? चिरंजीवांना हवी होती मराठा आरमाराची गुराब. तिची गोष्ट पुढे सांगते, कारण ती सरळ नाही. शोधता शोधता आधी हाती लागलं ते दुसरंच. मुंबईच्या गोदीत बांधलेलं एक शिडाचं लढाऊ जहाज आजही पाण्यावर आहे! त्याचं नाव ट्रिंकोमाली. सुरतेहून १७३६ साली मुंबईला आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्यातले जमशेटजी बमनजी हे त्याचे बांधणारे. मलबारी सागाचं हे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलं, आणि आता ते इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे जपून ठेवलेलं आहे.

त्याच्या आराखड्याची हकीकत मात्र ऐकण्यासारखी आहे. इंग्रजांनी १७८२ साली फ्रेंचांचं हेबे नावाचं जहाज पकडलं. ते इतकं देखणं होतं की त्यांनी त्याची मापं घेऊन आराखडा करून ठेवला, आणि त्यावरून आपली जहाजं बेतली. आपण शिंप्याकडे मापाचा ब्लाऊज देतो ना, अगदी तसंच! पुढे तोच आराखडा मुंबईला पाठवला, तो जावा नावाच्या जहाजातून. १८१२च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशनने जावाला गाठलं. लढाईत जावाची अशी दशा झाली की शेवटी ती जाळून टाकावी लागली. कागद गेले. (त्याच जहाजावर जनरल हिस्लॉप मुंबईला यायला निघाले होते. पाच वर्षांनी महिदपूरला होळकरांशी लढले ते हेच.) इंग्लंडहून दुसरी प्रत आली, तेव्हा कुठे ट्रिंकोमालीचं काम मार्गी लागलं. मूळ कागद घरी ठेवून नक्कल पाठवायची त्यांची शिस्त होती म्हणून जमलं. आपण रेशनकार्डाची झेरॉक्स देतो आणि मूळ कपाटात ठेवतो, त्यातलंच हे.

हे जपलेले कागद लंडनजवळ ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहेत. तिथे जहाजांचे दहा लाखांहून अधिक आराखडे आहेत, आणि त्यांच्या प्रती आपल्यासारख्यांनाही विकत मागवता येतात. ते पत्र मी लिहिलं. तुमच्या घरी कुणाला असा नाद असेल, तर माझ्या अनुभवाचा उपयोग करून घ्या. नुसतं जहाजाचं नाव कळवून भागत नाही. कॉर्नवॉलिस नावाची जहाजं एकट्या मुंबईतच एकाहून जास्त बांधली गेली. त्यांतलं १८१३ सालचं ते, ज्यावर १८४२ साली नानकिंगचा तह झाला. तेव्हा नाव, पाण्यात उतरल्याचं साल, कुठे बांधलं आणि कोणत्या वर्गाचं हे सगळं लिहावं. ट्रिंकोमालीचा वर्ग लीडा. संग्रहसूचीत आराखड्याचा क्रमांक सापडला तर तोही द्यावा, उत्तर लवकर येतं. कोणकोणते कागद हवेत हेही स्पष्ट विचारावं. या जुन्या आराखड्यांत बहुधा नुसता सांगाडा असतो, डोलकाठ्या, शिडं आणि दोर त्यात नसतात. त्यांची मापं वेगळी शोधावी लागतात. आणि प्रत घरातल्या प्रतिकृतीसाठी आहे की छापण्यासाठी, हेही कळवायचं, कारण छापायचं तर परवानगी वेगळी लागते.

पैशाचं म्हणाल, तर हे म्हणाले, "एवढे पौंड कागदाला?" मी म्हटलं, माझ्या मानधनातून देते. विषय संपला.

आराखडा संगणकावर आला, आणि पहिल्याच फटक्याला आमची फजिती झाली. असे आराखडे बहुतेक पाव इंचाला एक फूट या मापाने काढलेले असतात. ट्रिंकोमालीचा तोफांचा मजला सुमारे दीडशे फूट लांब, म्हणजे कागदावर साडेसदतीस इंच यायला हवेत. मी आणलेल्या प्रिंटवर मामंजींनी स्टीलची पट्टी ठेवली आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. बत्तीस इंच! दुकानातल्या मुलाने ए-झिरोऐवजी ए-वन कागद घातला होता आणि चित्र कागदात बसवून दिलं होतं. तेव्हा दुकानात उभं राहून सांगा, ‘कागदात बसवू नका, शंभर टक्के ठेवा’. आराखड्यावर मोजपट्टी आखलेली असेल तर ती तिथेच मोजून घ्या. मामंजी म्हणाले, जुना कागदही आकसतो, लांबीत वेगळा आणि रुंदीत वेगळा. त्यांना हे कोण शिकवणार? ओतीव लोखंड थंड होताना मीटरमागे सुमारे दहा मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा, यातच त्यांचा जन्म गेला.

दुसरी प्रिंट जेवणाच्या टेबलावर पसरली. त्या रात्री आम्ही जमिनीवर जेवलो. इंग्रजी अक्षरं मामंजींना वाचता येत नाहीत, पण रेघा वाचायला वेळ लागला नाही. ‘शीअर’ म्हणजे बाजूने दिसणारं जहाज. ‘हाफ ब्रेड्थ’ म्हणजे वरून दिसणारं, पण निम्मंच. ‘बॉडी प्लॅन’ म्हणजे पुढून-मागून दिसणाऱ्या बरगड्या, मधल्या रेघेच्या एका बाजूला मागचा भाग आणि दुसऱ्या बाजूला पुढचा.

"अर्धंच काढलंय की गं," ते म्हणाले.

"घडीवर बेतायचंय, मामंजी."

सासूबाई गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

आता गुराबेची गोष्ट. चिरंजीव हट्टाला पेटले होते, की आपल्या आरमाराच्या जहाजाचं ड्रॉइंगही आणा. पुण्याच्या पेशवे दप्तरात आरमाराचे मोडी कागद आहेत. मुंबईत व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ साली सुरू केलेली मेरिटाइम हिस्टरी सोसायटी आहे. पण गुराब बांधणाऱ्या सुतारांनी काढलेले आराखडे आपल्यापर्यंत आलेलेच नाहीत. मुलगा म्हणाला, "म्हणजे त्यांना ड्रॉइंग येत नव्हतं?" मामंजींनी रंधा खाली ठेवला.

"माझा बाप बैलगाडी करायचा. त्याने कधी कागद घेतला नाही. आऱ्याचं माप त्याच्या हातात होतं. कारखान्यात साहेबाला दाखवायचं असतं म्हणून कागद लागतो." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "ते माप आता मलाही येत नाही."

मला ते रात्रभर आठवत राहिलं.

कागद नसला की किती कष्ट पडतात, याचं ताजं उदाहरण आपल्या नौदलाचंच आहे. ‘कौंडिण्य’ ही शिडाची नौका त्यांनी अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून बेतली. हाताशी होतं ते भिंतीवरचं चित्र, तेही एकाच बाजूचं. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी गोव्यात काथ्याच्या दोरीने फळ्या शिवल्या. हो, शिवल्या! आयआयटी मद्रासने लहान प्रतिकृतीवर पाण्यातल्या चाचण्या केल्या, आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला ती नौदलात आली. आपल्या किनाऱ्यावरच्या फतेमारीचे आराखडे हवे असतील, तर तेही परक्यांनीच काढलेले सापडतात. ट्रिंकोमालीच्या गोदीत काम केलेल्या जॉन ईडी यांचा लेख १८३४ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. फ्रेंच नौदल अधिकारी एदमों पारिस यांनी तर बंदरोबंदरी होड्या मोजून काढल्या. चिरंजीवांची समजूत मी सध्या फतेमारीवर घातली आहे. ट्रिंकोमाली झाली की तीच.

मी मात्र एक दोनशेपानी वही आणली आहे. मामंजी काम करताना जे बोलतात ते तिच्यात उतरवते: कुठलं लाकूड कुठल्या बाजूने तासायचं, सरस किती गरम हवा, वाकवायची पट्टी किती वेळ भिजवायची. चित्रं मला येत नाहीत, ती मुलगा काढतो आणि आजोबा खोडतात.

मापं निम्मी करून घेतल्यामुळे जहाज आता पावणेदोन-दोन फुटांत बसेल. साग हवाच, असा मामंजींचा हट्ट. चिंचवडगावात एक जुना वाडा पाडत होते, तिथून दाराच्या चौकटीचा तुकडा मिळाला. तासल्यावर आतून नव्यासारखा निघाला. काल चौथी बरगडी बसली, आणि मामंजींनी स्वतःहून हाक मारली, "सूनबाई, वही आण."