आपल्या माणसांचें वर्तमानपत्र

आपल्या गांवाची बातमी वर्तमानपत्रांत आली म्हणजे आपण ती प्रथम वाचतों, आणि तींत आपल्या आळीची निंदा असली तर पत्र खोटें ठरवून मोकळे होतों. निंदा पलीकडच्या आळीची असली म्हणजे मात्र तीच बातमी आपणांस खरी वाटते. ही खोड केवळ अडाण्यांची आहे असें कोणी समजूं नये. आपल्या दीन बांधवांसाठीं जन्मभर लेखणी झिजविणाऱ्या एका थोर संपादकासही तिनें एकदां गांठलें होतें. ती हकीकत विद्यार्थिमित्रांनीं, आणि त्याहूनही त्यांच्या पालकांनीं, ऐकण्याजोगी आहे.

रॉबर्ट ॲबट ह्यांचा जन्म १८६८ सालीं अमेरिकेच्या जॉर्जिया प्रांतीं एका कृष्णवर्णीय कुटुंबांत झाला. गुलामगिरी कायद्यानें नष्ट होऊन तेव्हां अवघीं तीन वर्षें झालीं होतीं. त्यांचे सावत्र वडील काँग्रिगेशनल मंडळीचे पाळक व शिक्षक होते. (१८४२ सालीं अहमदनगरास ‘ज्ञानोदय’ सुरू करणारे अमेरिकन मिशनरी ह्याच परंपरेंतले, हें येथें सहज आठवतें.) हॅम्प्टन येथील शाळेंत ॲबट छपाईचें काम शिकले, पुढें शिकागोस कायदाही शिकले, परंतु कातडीच्या रंगामुळें वकिली कांहीं चालेना. तेव्हां १९०५ च्या मे महिन्यांत पंचवीस सेंटांच्या भांडवलावर त्यांनीं ‘शिकागो डिफेंडर’ हें साप्ताहिक काढलें. पहिल्या अंकाच्या प्रती तीनशें होत्या, आणि कचेरी म्हणजे घरमालकिणीच्या घरांतील एक मेज.

त्या काळच्या गोऱ्या पत्रांत काळा मनुष्य आढळे तो बहुधा आरोपी म्हणून. त्याचें लग्न, त्याच्या मुलीची परीक्षा, त्याच्या आईचें मरण ह्यांस तेथें जागा नसे. ॲबटांनीं ती जागा दिली, आणि दक्षिणेंत जमावानें फांशीं दिलेल्या निरपराध्यांच्या बातम्याही निर्भयपणें छापल्या. आपल्या लोकांना इतरांनीं दिलेलें नांव ते होतां होईल तों वापरीत नसत. ‘आपला वंश’ अशा अर्थाचा शब्द घालीत. दक्षिणेंतले अधिकारी अंक जप्त करीत, म्हणून आगगाडीच्या शयनडब्यांतील कृष्णवर्णीय नोकर गठ्ठे लपवून नेत आणि वाटेंत पोंचते करीत. एक अंक न्हाव्याच्या दुकानांत, देवळाच्या पायरीवर, हातोहात फिरे. ज्याला वाचतां येई तो वाची, बाकीचे ऐकत.

उत्तरेस या, येथें काम आहे, मुलांना शाळा आहे, असें हें पत्र सांगूं लागलें. १५ मे १९१७ हा निघण्याचा दिवस म्हणून त्यानें जाहीर केला. १९१० सालीं शिकागोंत कृष्णवर्णीयांची संख्या ४४,१०३ होती. १९२० सालीं ती १,०९,४५८ झाली. ह्या वाढीस महायुद्धामुळें पडलेली मजुरांची वाण कारण झाली, तसें हें पत्रही झालें. नव्यानें आलेल्यांसाठीं त्यांत उपदेशाच्या याद्याही येत : डोक्याला फडकें बांधून रस्त्यावर येऊं नका, ट्राममध्यें मोठ्यानें बोलूं नका. आधीं आलेल्यांना मागून आलेल्यांची लाज वाटते, ती अशी. ह्या याद्या मला आवडत नाहींत. पण वसतिगृहांत नव्या मुलांना जुनीं मुलें काय काय शिकवितात तें ज्यानें पाहिलें आहे, त्याला त्या ओळखीच्या वाटतील.

२७ जुलै १९१९, रविवार. मिशिगन सरोवरांत यूजीन विल्यम्स नांवाचा सतरा वर्षांचा मुलगा तराफ्यावर पोहत होता. पाण्यांतही गोऱ्यांची हद्द व काळ्यांची हद्द मानीत. कांठावरून एका गोऱ्यानें दगड मारले आणि मुलगा बुडून मेला. पोलिसानें त्या मनुष्यास पकडण्याचें नाकारलें. मग जवळ जवळ आठवडाभर शहर जळत राहिलें. ३८ माणसें मेलीं, त्यांत २३ कृष्णवर्णीय व १५ गोरे होते. ५३७ जखमी झालीं.

त्या दिवसांत वर्तमानपत्रांनीं काय केलें? एका मोठ्या दैनिकानें मेलेल्या वीस जणांत तेरा गोरे व सात काळे असें छापलें. वस्तुतः आंकडे बरोबर उलटे होते. आणि डिफेंडरनें, गोऱ्या जमावानें एका तरुण स्त्रीस व तिच्या तीन महिन्यांच्या बाळास रस्त्यांत ठार केल्याची अंगावर कांटा आणणारी हकीकत छापली. तसें कांहीं घडलेंच नव्हतें.

हें उघडकीस आणलें तें प्रांताच्या राज्यपालांनीं नेमलेल्या बारा जणांच्या चौकशी-मंडळानें, १९२२ सालच्या अहवालांत. मंडळांत सहा गोरे व सहा कृष्णवर्णीय होते, आणि ह्या सहांपैकीं एक स्वतः रॉबर्ट ॲबट होते! ज्या अहवालांत आपल्या पत्राचें असत्य नमूद झालें, त्या अहवालाच्या कर्त्यांतच त्यांचें नांव आहे. गोऱ्या पत्रांनीं अचूकपणा राखावा, असें सांगणाऱ्या त्या मंडळानें कृष्णवर्णीयांच्या पत्रांनाही तोच उपदेश केला.

कोणी म्हणेल, दुबळ्यानें दुःखाच्या भरांत एक खोटी बातमी छापली तर तिचें एवढें काय? बलवानांचीं पत्रें तर रोज खोटें छापीत होतीं. मला हें पटत नाहीं. गोऱ्या पत्रावर त्या वाचकांचा विश्वास नव्हताच. तें खोटें बोललें तरी त्यांची फसवणूक होत नव्हती. डिफेंडरवर मात्र त्यांचा विश्वास होता. ह्याच दंग्यानंतर सहा महिन्यांनीं, ३१ जानेवारी १९२० रोजीं, मुंबईस डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ निघाला. ज्यांचा आवाज कोणी छापीत नाहीं त्यांना आपलें पत्र हवेंच. आणि म्हणूनच त्या पत्राला खोट्याची चैन परवडत नाहीं.

आज खोटी बातमी पसरविण्यास छापखानाही लागत नाहीं. पालकांच्या खिशांतील मोबाईल पुरतो. आपल्या भागांत ऊसतोडीस टोळ्या येतात. त्या हंगामांत गांवांत चोरी झाली, कीं चोर कोण हें पोलिसांच्या आधीं आपल्या मोबाईलवर ठरतें. आणि त्या टोळ्यांतल्या मुलामुलींचें तिकडे काय वाचून मत बनत असेल, ह्याचा आपण कधीं विचार केला आहे काय?

२०१९ च्या जुलैंत डिफेंडरचा छापील अंक निघावयाचा बंद झाला. दक्षिणेंतून त्या पत्रास आलेल्या पत्रांचा एक संग्रह १९१९ सालींच प्रसिद्ध झाला आहे. अशुद्ध अक्षरांतलीं, काम मागणारीं, तिकिटापुरते पैसे मिळतील काय असें विचारणारीं तीं पत्रें आहेत. त्यांतल्या कित्येकांत शेवटीं एकच विनवणी आहे : माझें नांव छापूं नका, येथें कळलें तर मला राहणें कठीण होईल.