पडद्याआडचा वैद्य

अंदर मावळांतील आमच्या परिचयाचा एक वृद्ध शेतकरी खोकल्यानें बेजार होऊन छातीचें क्ष-किरण चित्र काढून आला. 'क्षयाचा संशय आहे' एवढेंच त्यास सांगण्यांत आलें. 'पण फोटो पाहिला कोणीं?' या त्याच्या साध्या प्रश्नाला उत्तर मिळालें नाहीं. पुढें आम्हीं चौकशी केली तेव्हां समजलें कीं, चित्र प्रथम वाचलें तें कृत्रिम बुद्धीच्या यंत्रानें!

यंत्राविषयीं आमची तक्रार नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं १५ वर्षें व त्यावरील माणसांच्या क्षयचाळणीसाठीं अशा वाचनास मान्यता दिली आहे. आणि जेथें तज्ज्ञ मिळणें दुर्घट, तेथें तें उपकारकच होय. तक्रार आहे ती मौनाविषयीं.

या मौनाचे कैवारी म्हणतात, अडाणी रोगी उगाच घाबरेल. ज्याला सातबाराचा उतारा व कर्जाचा कागद कळतो, त्याला हें एक वाक्य कळूं नये काय? दुसरे म्हणतात, अखेरचा निर्णय डॉक्टरांचाच असतो. परंतु यंत्र देतें तो केवळ एक आंकडा. कितव्या आंकड्यापुढें संशय धरावयाचा, ही मर्यादा माणसेंच ठरवितात. ती खालीं आणली तर निरोगी माणसें संशयित ठरतात. वर नेली तर खरे रोगी निसटतात. शिवाय ज्यास यंत्रानें निर्दोष ठरविलें, त्याचें चित्र डॉक्टरांपुढें जाईलच असें नाहीं. मग खोकला न थांबल्यास 'आतां माणसाकडून तपासा, बेडका पाहा' असें त्यानें कशाच्या आधारें म्हणावें?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीं असें साधन स्वीकारण्याचें वा नाकारण्याचें स्वातंत्र्य रोग्यास दिलें आहे. पण जें वापरलें हेंच ठाऊक नाहीं, तें नाकारावयाचें कसें?

लोणावळ्यास १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनीं उड्डियान व नौली या क्रिया क्ष-किरणांनीं तपासल्या, आणि ते प्रयोग 'योगमीमांसा' त्रैमासिकांत उघडपणें छापले. साधन नवें असलें म्हणून तें झांकावें लागत नाहीं, हा धडा आमच्या दाराशींच आहे.

केसपेपरावर दोनच गोष्टी लिहाव्या : यंत्राचा उपयोग झाला कीं नाहीं, आणि निर्णयास जबाबदार डॉक्टर कोण. एवढी शाई ज्यांस महाग वाटते, त्यांनीं रोग्याकडून विश्वासाची अपेक्षा ठेवूं नये.