तार अडली म्हणून मजुरी का कापता?

उसाचा गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या बावडा-इंदापूर भागात वेल्डिंगच्या दुकानांपुढे ट्रॉल्या उभ्या राहतात. रॉडच्या जोडीला आता मिग मशीन, ज्याला सगळे सीओटू म्हणतात, तेही आले आहे. आम्ही कापडाचे व्यापारी, वेल्डिंग आमचा धंदा नव्हे. पण अशा दुकानांत व्यापाऱ्यांचेही भांडवल असते. तार अडली की मालक आधी कारागिरावर ओरडतो आणि शनिवारी मजुरी कापतो, हे आम्हाला मुळीच पसंत नाही.

शिलाई मशीनचा दोरा गुंतला तर जाणता शिंपी पाय थांबवून सुई, बॉबिन, ताण पाहतो. इथेही तेच. रिळावरची तार रोलर ढकलतो; केबलमधल्या लायनरमधून ती गनच्या टिपपर्यंत जाते. अडथळा पुष्कळदा पुढे टिपमध्ये असतो आणि गुंता मात्र मागे रोलरपाशी दिसतो. मग रोलर आवळला जातो. जादा दाबाने तार चपटी होते, तिचा चुरा लायनरमध्ये साचतो आणि दुखणे वाढते.

म्हणून आधी टिप काढून तार चालवावी. सुरळीत आली तर टिप बदलावी. नाही आली तर केबलचे वेढे सोडून ती सरळ अंथरावी. तरीही जड चालली तर लायनर साफ करावा किंवा नवा घालावा. दर नव्या रिळाला लायनरमध्ये कोरडी हवा मारली तर ही वेळ क्वचित येते. रोलरची खाच, लायनर आणि टिप तारेच्या मापाचीच हवी, ०.८ मिलिमीटरची तार १.२ च्या खाचेत घसरणारच. रिळाचा ब्रेक फार घट्ट नको, सैलही नको. पावसाळ्यात रीळ उघडे राहिले तर गंजते, आणि गंजकी तार लायनर खाते. रात्री ते पिशवीत बांधून ठेवायला काय खर्च येतो?

टिप आणि लायनर झिजण्यासाठीच असतात. सुई मोडली म्हणून शिंप्याचे पैसे कापणाऱ्याकडे चांगला शिंपी किती दिवस राहील? हा खर्च दुकानाच्या खात्यावरच पडला पाहिजे. हंगामाआधी डझनभर टिपा, एक लायनर आणि एक जादा रोलर आणून ठेवावा. ऐन वेळी बारामतीला गाडी पाठवली तर अर्धा दिवस जातो, आणि ट्रॉलीवाला दारात उभा असतो.