केसपेपरवर नसलेली बाई

उर्से टोलनाका आपल्यापैकी बहुतेकांनी ओलांडला आहे. नाक्यापलीकडच्या गावात उतरलेले थोडेच असतील. पवनाकाठची भातखाचरं, शेजारी केबलचा कारखाना, आणि घरटी कोणी ना कोणी पाळीवर जाणारं. अशा गावातली पंचेचाळिशीची बाई दवाखान्यात येते आणि म्हणते, ‘डॉक्टर, कंबर धरलीय.’ जुलै असेल तर आपण विचारतो, ‘लावणीला गेला होतात का?’ ती हो म्हणते, कारण गेलेली असतेच. एक इंजेक्शन, पाच दिवसांच्या गोळ्या, ‘वाकू नका’. पंधरा दिवसांनी ती पुन्हा समोर. घरी पक्षाघात झालेली सासू आहे, तिला दिवसातून कितीदा तरी उचलावं लागतं, रात्री उठून कूस बदलावी लागते, हे तिनं सांगितलेलं नसतं. आपण विचारलेलंही नसतं.

हा अंक या घरच्या माणसांविषयी आहे. बहुतेकदा ती सून असते, मुलगी असते, बायको असते. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात 15 ते 59 वयोगटातल्या 41 टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष 21.4 टक्के, आणि देखभाल करणाऱ्या स्त्रीची दिवसाला 140 मिनिटं त्यात जातात, पुरुषाची 74. यात मुलांचं करणंही धरलेलं आहे. पण अंथरुणावरच्या माणसाचं करणं मिनिटांत मोजता येत नाही. रात्री दोनला हाक येईल म्हणून अर्धवट झोपणं कोणत्या तक्त्यात भरायचं?

डिस्चार्जचा दिवस आठवा. बिल, फाइल, रुग्णवाहिकेची घाई. सूचनांचा कागद इंग्रजीत, तोही संक्षेपांनी भरलेला. समजावून सांगितलं जातं ते सही करणाऱ्या मुलाला. जी प्रत्यक्ष करणार, ती पिशव्या आवरत व्हरांड्यात उभी. घरी गेल्यावर ती सासूला उठवते ती लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढत. दुसरं कोणी दाखवलेलंच नसतं. महिन्याभरात खांदा दुखायला लागतो, सांधा सैल पडतो, आणि आपण त्याला ‘पक्षाघाताचा खांदा’ म्हणून मोकळे होतो. नळीनं भरवताना पाठ उंच हवी, भरवून झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही, माकडहाडाजवळ कातडी लाल दिसली तर तिथून वजन लगेच काढायचं: हे सांगायला दहा मिनिटं लागतात. न सांगितल्याची किंमत न्यूमोनिया आणि शय्याव्रण. म्हणून ही शिकवणी उपचाराचाच भाग आहे, आणि तिला कोणी ‘जमल्यास’ या सदरात टाकू नये. करून दाखवा, मग तिच्याकडून करवून घ्या.

सांभाळणाऱ्याचं आजारपण हा वेगळा विषय आहे आणि तो आपण जवळजवळ सोडून दिला आहे. अमेरिकेत शुल्झ आणि बीच यांनी वृद्ध जोडीदाराचं करणाऱ्यांचा चार वर्षं मागोवा घेतला आणि 1999 मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांच्यावर या कामाचा ताण होता, त्यांच्यात मृत्यूची जोखीम अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा 63 टक्क्यांनी जास्त निघाली. आपल्याकडे हीच माणसं रक्तदाबाची गोळी विसरतात, स्वतःची तपासणी पुढे ढकलतात. ‘आत्यांना एकटं टाकून कशी येऊ?’ हे कारण खरं असतं. त्यावर ‘स्वतःकडे लक्ष द्या’ हा सल्ला पोकळ आहे. दोन तास त्या घरात कोण बसेल, हे तिच्याबरोबर बसून ठरवायला हवं: जाऊ, शेजारीण, पाळी संपवून आलेला नवरा. नवऱ्याला बोलावून घ्या आणि त्यालाही कूस बदलायला शिकवा. डॉक्टरांनी सांगितलं की घरात ऐकलं जातं. त्या शब्दाचं वजन इथे वापरू या. आणि कधी ती रडत म्हणाली, ‘यातून सुटका कधी होईल असं मनात येतं,’ तर तिला दटावू नका. आपलं मन वाईट आहे या समजुतीनंच ती निम्मी खचलेली असते.

या कामात चांगले नमुने फार लांब नाहीत. वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र 1997 पासून कर्करुग्णांची मोफत शुश्रूषा करतं आणि सोबतच्या नातेवाइकाला घरची देखभाल शिकवून पाठवतं. पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी हे स्वतः पत्नीचा आजार सांभाळत आलेले गृहस्थ होते. नातेवाइकांना एकमेकांशी बोलायला जागा लागते, हे त्या संस्थेनं जाणलं. इंग्लंडमध्ये 2014 च्या कायद्यानं सांभाळणाऱ्याच्या गरजांची स्वतंत्र पाहणी हा त्याचा हक्क ठरवला.

आपल्याकडे आरोग्य योजना इस्पितळातला खर्च उचलतात. घरातले डायपर, हवेची गादी, बुडालेली मजुरी घराच्याच माथी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांग व्यक्तीसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळनं ‘आश्वासकिरणम्’ योजनेत दरमहा 600 रुपये सांभाळणाऱ्याच्या नावानं ठेवले. रक्कम तुटपुंजीच, पण सरकारदरबारी त्या माणसाची नोंद झाली. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय संघटनांनी हा भत्ता नेटानं मागायला हवा. तोवर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी लागणारे कागद नीट भरून देणं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

वाचकांना आमची विनंती आहे. या महिन्यापासून दीर्घ आजाराच्या प्रत्येक केसपेपरवर रुग्णाच्या नावाखाली सांभाळणाऱ्याचं नाव लिहा, त्या माणसाचा रक्तदाब मोजा. आणि कंबर, मान, झोप किंवा डोकं यांची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला विचारा: ‘घरी कोणाचं करावं लागतं का?’ काय उत्तरं मिळाली ते आम्हाला कळवा. दिवाळीनंतरच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.